पिंपाचं झाकण : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

शनिवार-रविवारच्या सार्वजनिक आरोग्य अभ्यासक्रमाला चार महिन्यांचा प्रकल्प सक्तीचा आहे. अर्जात मी विषय लिहिला होता ‘घरचा कचरा’. मॅडमनी तो खोडून ‘हरित सवयी आणि आरोग्यविषयक जनवकिली’ केला. जनवकिली हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. वकिली म्हटलं की मला कोर्टाची पायरीच आठवते.

जागेची माहिती: गिरणगावातली तीन मजली चाळ, ६४ खोल्या, आमची तिसऱ्या मजल्यावर. पाणी पहाटे साडेचार ते सात. घरात चार माणसं.

आजचा कचरा भाजीवाल्याच्या ताणकाट्यावर तोलला. ओला १,१४० ग्रॅम, त्यात सहा आंब्यांच्या कोयी आणि साली. सुका ३१०. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे वेगळे भाग सांगितलेत; तिसऱ्यात मुदत संपलेली औषधं आणि फुटकी ट्यूबलाइट निघाली. सासूबाईंनी विचारलं, “हे वेगळं करून जातं कुठं?” मी म्हटलं, बहुतेक कांजुरमार्गला. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी देवनारला जायचं.” बरोबर आहे, देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, म्हणजे सासूबाईंच्याही आधीपासून.

ठरवलं ते असं: ओल्याचं खत घरात. पिशवी कापडी. आणि पाऊस यंदा २६ मेलाच आलाय, तर पागोळीचं पाणी बादल्यांत धरून कुंड्यांना आणि लादी पुसायला वापरायचं. नळाच्या पाण्याची तेवढीच बचत.

१५ जून

खताच्या बादलीला वास येतोय. आंबलेला, दारूच्या भट्टीसारखा. बाजूच्या मामी गॅलरीतून जाताना नाकाला पदर लावतात, काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं.

चूक कळली. नुसती ओली सालं दाबून भरली, मध्ये हवा नाही. सुकं हवं. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं असं पुस्तक सांगतं, पण स्वयंपाकघरात ते मोजणार कसं? एक वाटी सालं, दोन वाट्या सुकं, असा हिशेब बसवला. पावसाळ्यात वाळका पाला आणायचा कुठून! खालच्या सुताराकडे भुसा मागितला. तो भला माणूस, म्हणाला, “ताई, हा प्लायवूडचा आहे, ह्यात गोंद असतो. सागवानाचा निघाला की देतो.” तोवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि वर आंबट ताकाचा शिपका.

२९ जून

वास गेला. चिलटं आहेत, पण कमी. मामी आज स्वतःहून झाकण उघडून डोकावल्या.

तळमजल्यावर मात्र चाळीचा डबा एकच. मी वरून तीन भाग करून नेते आणि खाली ते पुन्हा एक होतात. समितीला सांगायला हवं. (पंधरा दिवस सांगायचं ठरवतेय.)

४ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते न लपवता लिहिते, कारण प्रकल्प इथेच वळला.

सकाळी पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे कर्मचारी आले. खाकी पिशवी, टॉर्च, लांब दांड्याचा पांढरा ओगराळा. गॅलरीत माझ्या तीन बादल्या ओळीने. मी मोठ्या हौसेने सांगायला लागले की हे पागोळीचं पाणी, आम्ही वाया घालवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओगराळा तिरका करून बादलीत हळूच बुडवला.

“ताई, इकडे या. बघा.”

पांढऱ्या ओगराळ्यात काळसर, केसाएवढ्या बारीक अळ्या. स्वल्पविराम हलावेत तशा. टॉर्चवर हात धरून त्यांनी सावली पाडली तशा सगळ्या तळाला गेल्या. सावली काढली, अर्ध्या मिनिटात एकेक करून वर, शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून डोकं खाली. “श्वास घ्यायला येतात,” ते म्हणाले. “ह्या तिरक्या लटकतात. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याला समांतर आडवी पडते. तुमच्याकडच्या डेंग्यूवाल्या असणार.”

मनी प्लांटच्या कुंडीखालच्या ताटलीतही होत्या.

नोटीस मिळाली. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३८१ ब. दुसऱ्यांदा सापडलं तर दंड. गॅलरीत तोवर निम्मा मजला जमला होता. मामी म्हणाल्या, “अगं वहिनी, मला वाटलं तुझ्या खताने डास होतात. हे तर तुझ्या पाण्याने.”

खताच्या बादलीत काहीच नव्हतं. ज्या वस्तूची मला लाज वाटत होती ती स्वच्छ निघाली आणि जिचा अभिमान होता तिने नोटीस आणली.

६ जुलै, आषाढी

उपवास, सुट्टी, वाचन. एडिस डासाची मादी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणजे बादली नुसती ओतून काही होत नाही. भिंत आतून घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला मुंबईच्या हवेत साधारण आठ-दहा दिवस. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा नियम त्यातून आला.

पागोळीच्या बादल्या बंद केल्या नाहीत. धरलेलं पाणी त्याच संध्याकाळी संपवायचं आणि बादली काथ्याने घासून पालथी घालायची. ताटल्यांत वाळू भरली.

१३ जुलै

चाळ समितीची बैठक. मी ‘आठवड्यातून एकदा सगळ्यांनी पिंपं रिकामी करून कोरडी ठेवावीत’ असा ठराव मांडला. टाचणं काढून गेले होते.

पहिल्या मजल्यावरच्या काकी शांतपणे म्हणाल्या, “पिंप ओतलं तर दुपारी संडासला काय नेऊ?”

टाचणात ह्याचं उत्तर नव्हतं. पाणी दिवसातून अडीच तास. संडास सामायिक, तिथे नळाला दुपारी थेंब नाही. पिंपं लोक हौसेने भरत नाहीत. इतकी वर्षं मीही पहाटे उठून पिंप भरतेय आणि ठराव लिहिताना मला ते आठवलं नाही, ह्याचंच आश्चर्य वाटतं.

मग नेहमीची मागणी आली, धूर फवारा. कर्मचाऱ्यांनी सांगितलेलंच मी सांगितलं: धुराने उडता डास मरतो, पाण्यातल्या अळीला तो पोचत नाही, दोन दिवसांत नवे. कुणाला पटलं नाही. धूर दिसतो, अळ्या दिसत नाहीत.

बैठकीचे सचिव नाना. गिरणीतून निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, युनियनची सवय. त्यांनी माझी वही मागितली, पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, “जनवकिली म्हणजे काय गं?”

मी सांगितलं: जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यात आरोग्यासाठी बाजू लावून धरणं हे काम सांगितलंय, म्हणजे जिथे निर्णय होतो तिथे पुन्हा पुन्हा जाऊन...

“मग पाठपुरावा म्हण ना. त्याला कोर्स कशाला?”

वहीच्या पहिल्या पानावर तो शब्द लिहिला.

२० जुलै

मोजणी. नानांचा सल्ला: “आधी आकडा आण. आकडा नसला की लोक बाई बोलतेय असं म्हणतात.” (हे त्यांनी सहज म्हटलं, मला बोचलं, आणि खरंही आहे.)

टॉर्च आणि आमटीचा पांढरा एनॅमलचा ओगराळा घेऊन निघाले. तो आता स्वयंपाकात परत घ्यायला सासूबाईंची परवानगी नाही. ६४ पैकी ५८ खोल्या उघडल्या. पाण्याची भांडी १४३. अळ्या १२ भांड्यांत, ९ खोल्यांमध्ये.

खोल्यांचा निर्देशांक १५.५ टक्के. भांड्यांचा ८.४ टक्के. शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक: २०.७. तो ५ च्या खाली असावा असा जुना दंडक आहे.

बारा भांडी कुठली: पिंपं ७, कुंडीखालच्या ताटल्या २, फ्रिजच्या मागचा ट्रे २, गच्चीच्या जिन्यात पडलेला मोडका कमोड १. फ्रिजला मागे पाण्याचा ट्रे असतो हे निम्म्या घरांना माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं.

पिंपांतली सातही उघडी, किंवा वर नुसती फळी टेकवलेली. घट्ट झाकणाच्या एकाही पिंपात अळी नाही. मग पिंप ओतायचा आग्रह कशाला? झाकण हवं.

दोन घरांनी दार उघडलं नाही, एकाने उघडून तोंडावर लावलं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, “मोरीत कोण घेतं का परक्याला?” मोरी म्हणजे न्हाणीघर; तिथे टॉर्च घेऊन शिरणारी मी कोण?

२७ जुलै

आजींच्या बोलण्यावरून प्लेगचं वाचलं. सप्टेंबर १८९६, मांडवी. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला रुग्ण ओळखला. पुढे घराघरांत शिरून तपासण्या, माणसं उचलून इस्पितळात, सामान जाळणं, भिंतींना चुना. लोक रुग्ण लपवायला लागले. १८९८ च्या मार्चमध्ये शहरात दंगल उसळली. त्याच काळात हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना.

मोजणीच्या दिवशी मी प्रत्येक दारात आधी माझी नोटीस दाखवायला हवी होती. पुढच्या वेळी तसंच करणार.

३ ऑगस्ट

झाकणाचा दिवस. पिंपं सगळी जुनी, दोनशे लिटरची, कुठल्याशा कारखान्यातून आलेली. त्यांना झाकण मिळत नाही. नवं प्लॅस्टिकचं झाकण आणावं तर माप बसेना, आणि हरित प्रकल्पात साठ-सत्तर प्लॅस्टिकची झाकणं विकत घ्यायला हात धजेना.

पहिला प्रयोग: जुन्या सुती साडीचा तुकडा, कडेने नाडी. दोन दिवसांत कापड भिजून मध्ये झोळ पडला आणि पाण्याला टेकलं. टेकलेल्या ओल्या कापडावरही डास अंडी घालू शकतो. बाद.

दुसरा: मामींच्या मुलाची कल्पना. प्लंबरकडचा काळा पाइप पिंपाच्या तोंडाहून बोटभर मोठा कापून कडं केलं. टोकं जोडायला आत लाकडी खुंटी. त्यावर कापड ताणून, भरतकामाच्या रिंगणावर ताणतात तसं, कडेने धावदोरा. पिंपावर दाबलं की ‘टप’ असा आवाज होऊन बसतं. वर तांब्या ठेवला तरी झोळ नाही. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी मशीनवर अर्ध्या तासात चार शिवली. एकाचा खर्च ३५ रुपये, त्यात पाइपच सगळा, साडी घरची.

सासूबाईंनी त्यांची एक इरकल दिली. विरली होती, तरी फाडताना त्या आत निघून गेल्या.

११ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसला अर्धी रजा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण गंजून अर्धं गेलंय, आणि चढायला शिडी नाही म्हणून तपासणारे वर जात नाहीत. ॲनोफिलीस स्टीफेन्साय, म्हणजे शहरातल्या मलेरियाचा डास, अशाच टाक्यांत वाढतो. चाळमालकाला समितीने तोंडी तीनदा सांगून झालं होतं. म्हणून अर्ज घेऊन पालिकेकडे गेले.

अर्ज चार पानी. सुरुवात १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेपासून, सर्वांसाठी आरोग्य वगैरे. खिडकीतल्या बाईंनी तो खरोखर वाचला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “ताई, छान लिहिलंय. पण ह्यात मागणी कुठंय?”

बाकावर बसून पुन्हा लिहिला. आठ ओळी. एक: मालकाला टाकीचं झाकण व शिडी बसवण्याची नोटीस द्यावी. दोन: संध्याकाळी अर्धा तास पाणी मिळावं, कारण साठवण कमी झाली की भांडी कमी होतील. खाली मोजणीचा तक्ता, सोबत टाकीचा फोटो आणि माझ्या नोटिशीची प्रत. पोच घेतली, आवक क्रमांक वहीत. नानांना फोन केला. ते म्हणाले, “क्रमांक घेतलास ना? मग झालं सुरू.”

१९ ऑगस्ट

तुफान पाऊस. लोकल बंद. नवरा परळहून गुडघाभर पाण्यातून चालत आला, पायाला जुनी चीर. साचलेल्या पाण्यातून चाललं तर लेप्टोच्या (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधासाठी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवायचं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोची साथच आली होती. सकाळी ‘आपला दवाखान्या’त नेते. तो म्हणतो, बघू. नेणारच.

२४ ऑगस्ट

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा नातू, नऊ वर्षांचा, चार दिवस ताप. एनएस-१ ही रक्तचाचणी डेंग्यूची आली. ही चाचणी पहिल्या पाचेक दिवसांतच उपयोगाची. पुढे आयजीएम ही दुसरी रक्तचाचणी बघतात.

चाळीत लगेच पपईच्या पानांचा रस निघाला. मी त्यावर भांडले नाही, दोनच गोष्टींवर भांडले: पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी नाही, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तर मुळीच नाही, रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजायचं नाही. खरा धोका त्याच वेळी. पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, काहीही दिसलं की तडक इस्पितळ. हे कागदावर लिहून त्यांच्या दाराला चिकटवलं.

संध्याकाळी त्या घरच्या आजी वर आल्या. जुलैत मोरीचं दार लावलेल्या ह्याच. “ते कडं आहे ना, दोन दे.”

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

नोंद छोटी. मोदक झाले. काकांचा नातू बरा आहे, घरी आहे. निर्माल्याची फुलं दोरा काढून खताच्या बादलीत; सागवानाचा भुसा अखेर मिळाला. जूनमधलं खत काळं, मऊ झालंय, पावसानंतरच्या मातीचा वास. आंब्याच्या कोयी मात्र जशाच्या तशा.

८ सप्टेंबर

टाकीला नवं झाकण, बिजागरीचं, कुलपासह. लोखंडी शिडीही. मधल्या काळात पाच फेऱ्या झाल्या; तीन मी, दोन नानांनी.

संध्याकाळच्या पाण्याबद्दल एका ओळीचं उत्तर: वेळेत बदल सध्या शक्य नाही. नानांनी ते पाकिटासकट फाइलला लावलं. “‘सध्या’ लिहिलंय. सध्या कधी संपतं ते विचारायला दिवाळीनंतर जाऊ.”

तळमजल्याला दुसरा डबा आला. त्याला तर कुणी विरोधच केला नाही. जूनपासून मी उगाच घाबरत होते.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेवटची मोजणी. ह्या वेळी ६० दारं उघडली. सहा मुलं ओगराळे घेऊन पुढे, मी मागे वही घेऊन. हातात नोटीस, पण कुणी मागितली नाही.

भांडी १३९. अळ्या ३ भांड्यांत. ब्रेटो २०.७ वरून ५. मॅडमना अहवालात मी हेही लिहिणार की पाऊस थांबलाय, डास आपोआपही उतरतात, त्यामुळे सगळं श्रेय कड्यांना देता येणार नाही. पुढच्या जुलैत मोजलं तरच काही म्हणता येईल. जुलैची तारीख मुलांनी भिंतीवर लिहून ठेवलीय.

तीनपैकी एक पिंप, कड्याचं कापड उंदराने कुरतडलेलं. एक फ्रिजचा ट्रे. तिसरं गॅलरीच्या कठड्यावरचं मातीचं वाडगं, चिमण्यांसाठी पाणी ठेवलेलं. मुलांनी सावली धरली, अळ्या खाली गेल्या, काढली, वर आल्या.

नाना शेजारी उभे होते. वाडगं त्यांचं.

“पक्ष्यांचं आहे गं ते. वहीत नको लिहूस.”

“नाना, आकडा तुम्हीच मागितला होता.”

ते वाडगं घेऊन मोरीत गेले. काथ्याचा आवाज बराच वेळ येत होता.

खोली क्रमांक १९, मातीचं भांडं, १. लिहिलं.